मार्का कुणाचा, गोदाम कुणाचं?

(बोरी, ता. जिंतूर येथे केलेल्या भाषणाचा मजकूर)



मी गोदीत माल उचलतो. बोटीतून उतरलेल्या पेटीवर मार्का असतो. मार्का ज्याचा, पेटी त्याची. सायबानं बोट दाखवलं म्हणून ती दुसऱ्याच्या गोदामात गेली तर आम्ही चोरी म्हणतो. मंत्रालयात म्हणतात, निधी वळता केला.

मे २०२५. सामाजिक न्याय विभागाचे ४१० कोटी ३० लाख आणि आदिवासी विकासचे ३३५ कोटी ७० लाख लाडकी बहीण योजनेकडे वळते झाले. ओरड केली ती खुद्द सामाजिक न्यायमंत्री संजय शिरसाटांनी! मला कल्पनाच नाही, म्हणाले. खातं नको असेल तर बंद करा, म्हणाले. अर्थखातं होतं अजित पवारांकडं. जिथं मंत्र्यालाच पत्ता नाही, तिथं वसतिगृहातल्या पोराला कोण विचारतो?

कुणी म्हणेल, त्या बहिणींत आपल्याही बाया हैत. हैत ना! दीड हजार त्यांना मिळालेच पायजेत. पण या राज्याच्या नागरिक म्हणून, सगळ्यांच्या तिजोरीतून. मायला द्यायचं ते लेकराच्या ताटातून काढून, ही कसली ओवाळणी?

१९७९-८० पासून विशेष घटक योजना आहे. लोकसंख्येच्या प्रमाणात आपला पैसा बाजूला काढायचा, तो वळता करायचा नाही, बुडू द्यायचा नाही, असं नियोजन आयोगानं बजावलं होतं. पण ती नुसती सूचना. पुढं आयोगच मोडीत निघाला. सूचनेला कोण भीक घालतो?

घटनेचं कलम २०४ सांगतं, सभागृहानं कायदा करून मंजूर केल्याशिवाय तिजोरीतला पैसा काढता येत नाही. मंजूर झाल्यावर मात्र चावी अर्थखात्याच्या हातात. किती सोडायचा, कधी सोडायचा, ते ठरवतात. उशिरा सोडला की ३१ मार्च उजाडतो, आणि न खर्चलेला पैसा परत. विधानसभेत भाषणं होतात, फाईलवर राज्य चालतं.

हे इथलंच नाही. अमेरिकेत निक्सननं मंजूर पैसा अडवून धरला, तेव्हा तिथल्या संसदेनं १९७४ साली त्याविरुद्ध कायदा केला. ट्रम्प सरकारचा बजेट कचेरीचा प्रमुख रसेल व्हॉट तो कायदाच घटनाविरोधी मानतो. त्यांचं वर्ष ३० सप्टेंबरला संपतं. २०२५ च्या ऑगस्टअखेर ४९० कोटी डॉलरची परदेशी मदत रद्द करायची चिठ्ठी संसदेकडं धाडली आणि तारीख उलटायची वाट बघत बसले. मतदान नाही, चर्चा नाही. कॅलेंडरनंच काम केलं! आपला ३१ मार्च त्याचाच भाऊ.

१० डिसेंबर २०२४ ला परभणीत संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली. आपण रस्त्यावर आलो. सोमनाथ सूर्यवंशी न्यायालयीन कोठडीत मेला. ती विटंबना डोळ्यांना दिसली. फाईलवरच्या शेऱ्यानं होते तिला काच फुटल्याचा आवाज नसतो, म्हणून तिच्यासाठी बंद पाळत नाही कुणी.

आंध्रानं २०१३ साली या पैशासाठी कायदा केला, कर्नाटकानंही त्याच वर्षी. महाराष्ट्रात २०२५ पर्यंत झाला नव्हता. आणि कायदा झाला की झोपायचं नाही बरं का. कर्नाटकात कायदा असूनही गॅरंटी योजनांना हाच पैसा लावला.

म्हणून जिंतूरच्या आमदाराला आपण लेखी विचारू : आमचा पैसा वळवला तेव्हा सभागृहात तुम्ही काय बोललात? कायद्याचं विधेयक कधी मांडता? कागद मी लिहून आणलाय. सह्या इथंच करा, अंगठाही चालेल. जय भीम.