आधी उद्दिष्ट, मग हत्यार : मोबाईल आणि मुलांची मराठी



महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या मराठी घरांमध्ये एक वाक्य हमखास ऐकू येतं : "मुलांना समजतं हो सगळं, फक्त बोलत नाहीत." इंदूरला ऐकलं, बडोद्याला ऐकलं, हैदराबादलाही ऐकलं. समजतं पण बोलत नाहीत, ही पहिली पायरी. बोलतात पण वाचत नाहीत, ही दुसरी. तिसऱ्या पायरीवर आजीशी बोलायला मधे दुभाष्या लागतो. तिथे पोचायला दोन पिढ्या पुरतात.

मी सैन्यात सिग्नल्समध्ये होतो. निवृत्तीनंतर इंदुरात स्थायिक झालो. दर रविवारी तासभर मुलांचा मराठीचा वर्ग घेतो. साधनं म्हणाल तर एक मोबाईल, एक छोटा स्पीकर आणि फळा. पालक आल्या आल्या विचारतात, "सर, कोणतं ॲप चांगलं?" फौजेत आधी उद्दिष्ट ठरतं, हत्यार नंतर निवडतात. भाषेतही तसंच आहे. मुलाचं अडतंय कुठे? कानात, तोंडात, लिपीत की शब्दांत? ते कळलं की साधन आपोआप ठरतं.

आधी कान आणि तोंड. यासाठी व्हॉट्सॲपच्या आवाजी निरोपासारखं साधन नाही. साताऱ्याच्या किंवा नागपूरच्या आजीने एका मिनिटाची गोष्ट पाठवायची. मुलाने ती दोनदा ऐकायची आणि आपल्या शब्दांत सांगून परत पाठवायची. वायरलेसवर महत्त्वाचा निरोप मिळाला की घेणारा तो पुन्हा म्हणून दाखवतो, म्हणजे चूक तिथल्या तिथे सापडते. तीच ही पद्धत. 'चमचा'तला च आणि 'चहा'तला च वेगळा, हे लिहून कळत नाही, दोन्हींची खूण एकच आहे. यंत्राचा आवाज इथे बरेचदा घसरतो. आजी घसरत नाही.

दुसरी गोष्ट लिपी. आमची मुलं हिंदीमुळे देवनागरी वाचतात, ही आपली जमेची बाजू. पण मोबाईलवर मराठी लिहितात ती रोमन अक्षरांत. त्यात न आणि ण, ल आणि ळ यांतला फरक पुसला जातो. 'कल' आणि 'कळ' दोन्ही एकच होतात. म्हणून पहिल्याच दिवशी फोनमध्ये मराठी कळफलक सुरू करून द्या. मग एक खेळ घ्या : 'दऱ्या' आणि 'दर्या' टाइप करून दाखवा. एक डोंगरातल्या, दुसरा समुद्र. ही दोन वेगळी अक्षरं फोनवर शोधायला मुलांना पाच मिनिटं लागतात, पण मग ती जन्मभर विसरत नाहीत.

तिसरं वाचन. बालभारतीची पाठ्यपुस्तकं संकेतस्थळावरून फुकट उतरवून घेता येतात. पण नुसत्या पाठ्यपुस्तकावर मूल टिकत नाही. प्रथम बुक्सचं 'स्टोरीवीव्हर' 2015 पासून चालू आहे. तिथल्या गोष्टी वाचनाच्या पातळीप्रमाणे लावलेल्या आहेत, मोफत आहेत, आणि त्यातल्या अनेक एकाहून जास्त भाषांत आहेत. आम्ही एकच गोष्ट आधी हिंदीत वाचतो, मग मराठीत. गोष्ट माहीत असते, त्यामुळे सगळं लक्ष भाषेकडे जातं. हिंदीत दोनच लिंगं, म्हणून इथली मुलं 'माझी पुस्तक' म्हणतात. मराठी गोष्टीत 'माझं पुस्तक' चार वेळा दिसलं की व्याकरणाचं व्याख्यान द्यावं लागत नाही.

चौथं शब्दसंग्रह. हर्मन एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने 1885 साली स्वतःवरच प्रयोग करून दाखवलं, की पाठ केलेलं सुरुवातीला फार वेगाने विसरतं, पण मधे अंतर ठेवून उजळणी केली की टिकतं. 'अँकी'सारखी कार्डांची ॲप याच तत्त्वावर चालतात. जो शब्द चुकला तो लवकर पुन्हा समोर येतो, जो जमला तो उशिरा. रोज पाच शब्द पुरेत. मात्र कार्ड मुलाने स्वतः बनवावं, आणि त्यावर सुटा शब्द न लिहिता वाक्य लिहावं. मोठ्या मुलांसाठी मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोशही इंटरनेटवर शोधता येतो. 1831 साली पहिल्यांदा निघालेला कोश आज खिशात मावतो, ही काही लहान गोष्ट नाही.

आता सावधगिरीचा इशारा. भाषांतर करणारं यंत्र पहारेकरी म्हणून ठीक, सेनापती म्हणून नको. हिंदीतली 'शिक्षा' म्हणजे शिक्षण. मराठीतली शिक्षा म्हणजे छडी. हिंदीतल्या 'हम'ला मराठीत 'आम्ही' आणि 'आपण' असे दोन शब्द आहेत. समोरच्याला बरोबर न्यायचं की वगळायचं, हे संदर्भावरून ठरतं, आणि यंत्राला तो संदर्भ पुष्कळदा मिळत नाही. म्हणून आमच्या वर्गात यंत्राचं भाषांतर उत्तर म्हणून चालत नाही, चूक शोधायला मात्र जरूर देतो. यंत्राची चूक पकडताना मुलांना जो आनंद होतो, तो पाहण्यासारखा असतो.

शेवटचा मुद्दा पालकांसाठी. वर्ग आठवड्यात एक तास असतो. उरलेला सगळा वेळ तुमच्या ताब्यात आहे. संध्याकाळी जेवताना घरात मराठी बोलली जात नसेल, तर जगातलं कुठलंही ॲप ती खिंड लढवू शकणार नाही. साधन सराव वाढवतं, गरज निर्माण करत नाही. आजीशी बोलायचंय, मामाला चिडवायचंय, गोष्टीचा शेवट कळून घ्यायचाय, ही गरज घरातच तयार होते.

तेव्हा या आठवड्यासाठी तीनच कामं. मुलाच्या फोनमध्ये मराठी कळफलक. आजीकडून एका मिनिटाची गोष्ट. आणि जेवणाच्या ताटावर मराठी. पुढच्या रविवारी मुलाने पाठवलेला पहिला निरोप जपून ठेवा. सहा महिन्यांनी पुन्हा ऐका. प्रगती किती झाली, ते त्यातूनच कळेल.

जय हिंद.