सरकारी अभियोक्त्याचे कार्यालय आणि गावाची साक्ष



बेटेगावच्या एका अंगाला बोईसर-तारापूरची औद्योगिक वसाहत आहे, दुसऱ्या अंगाला शेती आणि आदिवासी पाडे आहेत, आणि चिल्हार फाट्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरून अवजड वाहने सतत धावत असतात. अशा परिसरातून न्यायालयात जाणारे खटलेही नाना प्रकारचे असतात. वाहनाच्या धडकेने झालेला मृत्यू, कारखान्यातील अपघात, हातभट्टीची दारू, बांधावरची मारामारी, चोरी आणि, सांगताना मान खाली जावी असे, बालकांवरील अत्याचार. या खटल्यांत शासनाची बाजू सरकारी अभियोक्ता मांडतो. त्याच्या कार्यालयाचे काम कसे चालते, हे गावाने जाणून घेणे अगत्याचे आहे. कारण पुष्कळ खटल्यांतील कच्चा दुवा गावातच राहून गेलेला असतो.

पोलिसांपासून वेगळा

फौजदारी प्रक्रिया संहिता १ एप्रिल १९७४ रोजी अमलात आली, तेव्हा दंडाधिकाऱ्यांच्या न्यायालयांसाठी सहायक सरकारी अभियोक्त्याचे पद निर्माण झाले. तथापि महाराष्ट्रात हे अभियोक्ते पुढेही पोलीस खात्याच्या नियंत्रणाखालीच राहिले. अखेर १९९५ साली शहाणे विरुद्ध महाराष्ट्र राज्य या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने त्यांचा पोलीस खात्यापासून मुक्त असा स्वतंत्र संवर्ग उभारण्याचा आदेश दिला. यामागील तत्त्व सोपे आहे. तपास करणारा आणि तो तपास न्यायालयात मांडणारा, हे दोघे एकाच्याच हुकमतीखाली नसावेत. अभियोक्ता फिर्यादीचा खाजगी वकील नसतो. आरोपीला अनुकूल असलेले सत्यही न्यायालयापासून न दडविणे हे त्याचे कर्तव्य होय.

१ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली आहे. तिने अभियोग संचालनालयाच्या अधिकाऱ्यांत कामाची वाटणी केली आहे. दहा वर्षे वा अधिक कारावास, जन्मठेप किंवा मृत्युदंड असलेल्या गुन्ह्यांच्या खटल्यांवर संचालकांनी, सात ते दहा वर्षांपर्यंतच्या खटल्यांवर उपसंचालकांनी आणि सात वर्षांहून कमी शिक्षेच्या खटल्यांवर सहायक संचालकांनी देखरेख ठेवावयाची आहे.

जसा गुन्हा, तशी रीत

साध्या शिवीगाळीसारखा गुन्हा अदखलपात्र असेल, तर दंडाधिकाऱ्यांच्या आदेशावाचून पोलिसांना तपासच करता येत नाही. किरकोळ दुखापतीसारखे काही गुन्हे तडजोडपात्र असतात. तेथे उभयपक्षी समेट झाल्यास खटला मिटतो. पाच हजार रुपयांहून कमी किमतीची चोरी प्रथमच करणाऱ्याने माल परत केला, तर आता त्याला समाजसेवेची शिक्षा होते. दारूच्या खटल्यात सारा भर मुद्देमालाच्या मोहोरेवर आणि रासायनिक विश्लेषकाच्या अहवालावर असतो. मोहोर संशयास्पद ठरली की अहवालाला किंमत उरत नाही.

अपघाती मृत्यूच्या खटल्यात घटनास्थळाचा पंचनामा, वाहनाची तपासणी, शवविच्छेदन अहवाल आणि चालकाला ओळखणारा साक्षीदार या चार गोष्टी जुळाव्या लागतात. कारखान्यात कामगार दगावला, तर एकाच घटनेतून दोन वाटा फुटतात. निष्काळजीपणाबद्दल पोलीस आरोपपत्र दाखल करतात, आणि सुरक्षेच्या नियमांच्या भंगाबद्दल संबंधित निरीक्षण यंत्रणा कारवाई करते. एक वाट चालू आहे म्हणून दुसरी सोडून देता येत नाही.

खून, बलात्कार यांसारखे खटले सत्र न्यायालयात चालतात. आरोपी कोठडीत असताना गुन्ह्याच्या गांभीर्यानुसार ६० किंवा ९० दिवसांत आरोपपत्र सादर झाले नाही, तर त्याला जामिनाचा हक्क प्राप्त होतो. अनुसूचित जाती-जमातींवरील अत्याचारांच्या १९८९ च्या अधिनियमाखाली आणि बालकांच्या संरक्षणाच्या २०१२ च्या अधिनियमाखाली (पोक्सो) विशेष न्यायालये व विशेष सरकारी अभियोक्ते असतात. पहिल्यात पीडिताला जामिनाच्या सुनावणीची सूचना मिळण्याचा हक्क आहे. दुसऱ्यात वकिलांनी बालकाला थेट प्रश्न विचारावयाचे नसतात; ते न्यायाधीशांमार्फत विचारले जातात.

शाळेचे रजिस्टर, ग्रामपंचायतीची नोंद

पोक्सोच्या खटल्यात पहिला वाद होतो तो वयाचा. मुलगी घटनेच्या दिवशी अठरा वर्षांखालील होती हे सिद्ध झाले नाही, तर खटल्याचा पायाच ढासळतो. २०१५ च्या बाल न्याय अधिनियमाने वयाच्या पुराव्याचा क्रम ठरवून दिला आहे. आधी शाळेचा जन्मतारखेचा दाखला किंवा शालान्त परीक्षेचे प्रमाणपत्र. ते नसल्यास नगरपालिका वा पंचायतीचा जन्मदाखला. आणि दोन्ही नसतील तरच वैद्यकीय चाचणी. केवळ शाळा सोडल्याचा दाखला व प्रवेश नोंदवहीचा उतारा यांवर विसंबणे सर्वोच्च न्यायालयाने २०२३ साली एका प्रकरणात मान्य केले नाही. म्हणून पाड्यावरच्या मुलीचे नाव पहिलीत घालताना अंदाजाने तारीख लिहिणे, ही कारकुनी चूक समजून सोडून देण्याजोगी गोष्ट नाही. दहा वर्षांनी त्याच तारखेवर एका बालिकेचा न्याय अवलंबून राहू शकतो. बाळ जन्मताच ग्रामपंचायतीत नोंद झाली, तर हा प्रश्न उद्भवतच नाही.

अशा अत्याचाराची माहिती मिळताच ती पोलिसांना कळविणे कायद्याने प्रत्येकावर बंधनकारक आहे. शाळेची बदनामी होईल म्हणून प्रकरण दाबणारा संस्थाप्रमुख स्वतःच एक वर्षापर्यंतच्या कारावासास पात्र ठरतो. गावकीत बसून असा गुन्हा मिटविण्याचा अधिकार कोणालाही नाही.

दुसरी गोष्ट पंचांची. पंचनाम्यावर सही करावयाची आणि न्यायालयात 'कोऱ्या कागदावर सही घेतली' असे सांगावयाचे, यात शेजारधर्म पाळल्यासारखे वाटते. प्रत्यक्षात ज्याचे माणूस गेले, तो शेजारी उघड्यावर पडतो. आता झडती व जप्तीचे दृक्‌श्राव्य चित्रीकरण बंधनकारक झाले आहे. तरीही साक्षीदाराच्या तोंडच्या शब्दाची जागा चित्रफीत घेऊ शकत नाही. पंचाने वाचून सही करावी, वाचता येत नसेल तर वाचून घ्यावे, आणि समन्स येताच हजर राहून पाहिले तेवढेच सांगावे.

अभियोक्ता पुरावा निर्माण करू शकत नाही. जो पुरावा त्याच्या हाती येतो, तोच त्याला मांडावा लागतो. तो पुरावा खरा, पूर्ण आणि वेळेवर त्याच्यापर्यंत पोहोचविणे, हा न्यायदानातील गावाचा वाटा आहे. शिक्षकाची लेखणी, ग्रामपंचायतीचे दप्तर आणि पंचाची सही यांनी तो उचलावा, एवढीच अपेक्षा.