बिल्ले अनेक, मालक एक
(शाखेच्या अभ्यासवर्गात सचिवांनी केलेले भाषण)



कामगारांच्या अभ्यासवर्गात मोटारगाड्यांचा विषय कशाला, असे काहींना वाटेल. मोटारी वाहून नेणाऱ्या मालगाड्या आपणच चालवतो. त्या गाड्यांच्या तोंडावर निरनिराळे बिल्ले असतात. त्या बिल्ल्यांमागे मालक किती, हे आपण कधी मोजत नाही. आज ते मोजू.

फोक्सवॅगन, ऑडी, स्कोडा, पोर्शे, बेंटली, लॅम्बोर्गिनी, स्पेनमधली सेआत, शिवाय डुकाटी मोटारसायकल आणि मान व स्कॅनिया हे ट्रक. या साऱ्यांचा धनी एकच, जर्मनीतील वोल्फ्सबुर्गचा फोक्सवॅगन समूह. ऑडी १९६५ पासून त्यांच्याकडे येत गेली, सेआत १९८६ मध्ये आली, झेक देशातल्या स्कोडात १९९१ मध्ये त्यांनी पाय ठेवला. १९९८ या एकाच वर्षी बेंटली आणि लॅम्बोर्गिनी घेतल्या. कंपन्या घेतल्या, पण नावे पुसली नाहीत. फोक्सवॅगन म्हणजे लोकांची गाडी. बेंटली घेणाऱ्या श्रीमंताला लोकांच्या गाडीचा बिल्ला नको असतो. म्हणून प्रत्येक खिशाला वेगळे नाव.

आतून मात्र अनेक गाड्यांचा सांगाडा एकच. मोटारधंद्यात त्याला प्लॅटफॉर्म म्हणतात; आपली गाडी लागते तो नव्हे. आपल्या कॅरेज-वॅगनवाल्यांना हे समजावून सांगायला नको. राजधानी असो की दुरंतो, रंग वेगळा, नाव वेगळे, पण डबा एल.एच.बी.चाच. पुण्याजवळ चाकणला या समूहाचा कारखाना २००९ पासून आहे. तिथे स्कोडाची कुशाक आणि फोक्सवॅगनची टायगुन एकाच सांगाड्यावर तयार होतात. गिऱ्हाईक दोन दुकानांत भाव विचारतो, गल्ला एकच.

गिऱ्हाइकाचे सोडा, कामगाराचे काय होते ते पाहा. सांगाडा एक झाला की काम एका देशातून उचलून दुसऱ्या देशात नेणे सोपे होते. २००२ मध्ये स्पेनमधल्या मार्तोरेलच्या सेआत कारखान्यात व्यवस्थापनाने कामाच्या दिवसांत वाढीव सवलत मागितली. संघटनांनी नकार दिला. तेव्हा इबिझा गाडीचे सुमारे १० टक्के उत्पादन स्लोव्हाकियात ब्रातिस्लाव्हाला हलवले गेले. तिथल्या कामगाराने स्पेनच्या भावाचे काय वाकडे केले होते? काहीच नाही. पण मालकाने त्याच्याच हाताने याच्या ताटातली भाकरी उचलली.

जर्मनीत आय.जी. मेटाल ही संघटना बलवान आहे. कंपनीच्या देखरेख मंडळात निम्म्या जागा कामगारांच्या आहेत. तरी २०२४ मध्ये व्यवस्थापनाने १९९४ पासूनचा नोकरीच्या हमीचा करार मोडीत काढला आणि कारखाने बंद करण्याची भाषा केली. डिसेंबरात सुमारे एक लाख कामगारांनी काही तासांचे इशारा-संप केले. तडजोड झाली. कारखान्यांना तडकाफडकी टाळे लागले नाही, २०३० पर्यंत नोकरीची हमी परत मिळाली. पण २०३० पर्यंत ३५ हजारांहून अधिक जागा कमी करण्याचे ठरले आणि पगारवाढीवरही पाणी सोडावे लागले.

आता नाण्याची दुसरी बाजू. त्याच समूहाचा ऑडीचा कारखाना बेल्जियममध्ये ब्रुसेल्सला होता. सुमारे तीन हजार कामगार. त्यांना नवे मॉडेल दिले नाही, आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये कारखाना बंद झाला. मालक तोच, साल जवळजवळ तेच. जर्मनीतला करार ब्रुसेल्सच्या दारापर्यंत पोहोचला नाही. या समूहात जगभरच्या कामगार प्रतिनिधींची समिती आहे, ही चांगली गोष्ट. पण समितीत एकत्र बसणे वेगळे आणि एकाच्या पोटासाठी सगळ्यांनी काम थांबवणे वेगळे.

बंधूंनो, आपल्याकडे वेगळे काय आहे? त्याच फलाटावर कायम सफाईवाला आणि ठेकेदाराचा सफाईवाला झाडू मारतो. एकाच्या छातीवर रेल्वेचा बिल्ला, दुसऱ्याच्या छातीवर ठेकेदाराचा. टपाल खात्यात पोस्टमन आणि ग्रामीण डाकसेवक एकाच थैलीतली पत्रे वाटतात. एक सरकारी नोकर, दुसऱ्याला तो दर्जा नाही. काम एक, बिल्ले दोन, पगारात जमीन-अस्मानाचा फरक. कायम माणसाची जागा रिकामी झाली की ती कुणाकडून भरली जाते, हे तुम्ही रोज पाहता.

आपल्या शाखेपुढे ठेकेदारी कामगारांना सोबत घेण्याचा ठराव आहे. काही जुने सभासद म्हणतात, “ते आपले नव्हेत, त्यांचा मालक निराळा.” आम्ही त्यांना आदराने विचारतो, ठेक्याचे पैसे कुठल्या तिजोरीतून जातात? बिल्ला पाहून माणूस परका ठरवणे हे मालकाच्या सोयीचे आहे. त्याची मजुरी कमी राहील तोवर आपली जागा सुरक्षित नाही. हे उपकार नव्हेत, हा आपल्याच संरक्षणाचा बांध आहे.

म्हणून प्रत्येक डेपो व कार्यालय समितीने येत्या महिन्यात आपल्या हद्दीतल्या ठेकेदारांची आणि त्यांच्याकडील कामगारांची यादी करावी. त्यांना मजुरी किती मिळते, भविष्यनिर्वाह निधी कापला जातो का, कापलेला भरला जातो का, हे त्यांच्याजवळ बसून विचारावे. यादी हातात घेऊनच पुढच्या सभेत ठरावावर मत द्यावे.

मालकाने अनेक नावांखाली एक राहायचे ठरवले आहे. आपण एका छपराखाली अनेक होऊन चालणार नाही.

कामगार एकजुटीचा विजय असो!