घाट उतरून गेलेलं वादळ



स्वारगेटच्या एसटी स्टँडवर गेलं की दापोली, महाडच्या पाट्या लावलेल्या गाड्या दिसतात. आपल्यापैकी कितीतरी जणींचं माहेर किंवा सासर तिकडे, घाटाखाली. म्हणून आज बोलायचं आहे ते आपल्याकडून समुद्राकडे जाणाऱ्या वादळी पावसाबद्दल.

वळीव आपल्या ओळखीचा. मे महिन्यात दुपारभर जीव नकोसा होतो. चार-पाच वाजले की आभाळ काळं होतं, जेधे चौकात धुळीचे लोट उठतात आणि फुलवाल्या, भाजीवाल्या ताडपत्री ओढायला धावतात. मग कडकडाट, गारा आणि तासाभरात सगळं शांत.

असं का होतं? जमीन तव्यासारखी असते. लवकर तापते, लवकर निवते. तापलेल्या जमिनीवरची हवा जोरात वर उसळते आणि ढग उंच चढतो. इतका उंच, की वर पाण्याचं बर्फ होतं. तिथे बर्फाचे बारीक कण आणि मऊ गारा एकमेकांवर आपटतात, त्यातून विद्युतभार तयार होतो आणि वीज पडते. संध्याकाळी तवा निवला, की ढगाचा जोर ओसरतो.

समुद्र मात्र पाण्याने भरलेल्या मोठ्या हंड्यासारखा. तापायला वेळ लागतो, पण एकदा तापला की रात्रभर ऊब धरून ठेवतो. तिथे हवा वर चढते ती सावकाश. त्यामुळे पाऊस पडतो, पण गारा आणि विजा कमी असतात. उपग्रहांनी विजांची मोजदाद केली, तेव्हा समुद्रापेक्षा जमिनीवर साधारण दहापट विजा दिसल्या. वेळही बदलते. जमिनीवर पावसाचा जोर दुपारनंतर, तर भर समुद्रात तो बहुधा मध्यरात्रीनंतर पहाटेपर्यंत.

म्हणजे समुद्रावर गडगडाट कमी होतो, पण म्हणून धोका कमी झाला असं नाही. हे मला २०२० साली कळलं.

त्या वर्षी १३ ऑक्टोबरला बंगालच्या उपसागरातलं कमी दाबाचं क्षेत्र आंध्रात काकीनाड्याजवळ किनाऱ्याला लागलं. तेलंगण ओलांडून ते आपल्याकडे सरकलं. १४ तारखेला सोलापूर, पुणे जिल्ह्यांना पावसाने झोडपलं. पंढरपुरात चंद्रभागेच्या घाटाची भिंत कोसळून सहा जणांचा जीव गेला. त्या रात्री आमच्या गल्लीतही पाणी भरलं होतं. आम्ही सामान कॉटवर चढवून जागत बसलो.

दुसऱ्या दिवशी हर्णैहून आक्काचा, माझ्या मावसबहिणीचा फोन आला. भावोजी मासेमारीच्या बोटीवर जातात. तिने विचारलं, "तुमच्याकडचा थांबला का गं?" मी म्हटलं, "थांबला बाई, आता काळजी नाही." ती म्हणाली, "तुमचा थांबला म्हणजे आता आमच्या दर्यात आला. यांना मी सोडत नाही."

आक्काचं खरं ठरलं. जमिनीवरून येताना ते क्षेत्र अशक्त झालं होतं, कारण खालून मिळणारी वाफ तुटली होती आणि डोंगर-झाडांनी वारा अडवला होता. अरबी समुद्रावर पोचल्यावर त्याला पुन्हा ऊबदार पाणी मिळालं, वाऱ्याला मोकळं रान मिळालं आणि १७ ऑक्टोबरला ते पुन्हा जोर धरून उभं राहिलं. मी मात्र तिला 'काळजी नाही' म्हणून बसले होते!

पुढच्याच वर्षी याहून मोठा प्रकार घडला. 'गुलाब' चक्रीवादळ २६ सप्टेंबर २०२१ला पूर्व किनाऱ्यावर आदळलं. त्याच्या उरलेल्या ढगांनी मराठवाड्यात उभं सोयाबीन पाण्यात घातलं. वादळ संपलं असं वाटलं, पण उरलेलं क्षेत्र गुजरातजवळ समुद्रात उतरलं, तिथे त्याचं पुन्हा चक्रीवादळ झालं. आता नाव होतं 'शाहीन'. ३ ऑक्टोबरला ते थेट ओमानला जाऊन धडकलं.

दर वेळी असं होतंच असं नाही. समुद्रावर कोरडी हवा असली किंवा वरच्या थरातले वारे उलटसुलट असले, तर वादळ तिथेच विरतं. म्हणूनच अंदाजावर न जाता हवामान खात्याचा इशारा ऐकायचा.

तर मैत्रिणींनो, दोन गोष्टी लक्षात ठेवा. पुण्यात गडगडाट ऐकू आला की झाडाखाली थांबू नका, पक्क्या इमारतीत जा आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास तिथेच राहा. आपल्या पाषाणच्या हवामान संशोधन संस्थेने केलेलं 'दामिनी' हे ॲप विजेची आगाऊ सूचना देतं. मुलांकडून ते फोनमध्ये घालून घ्या.

आणि दुसरी गोष्ट. असा मोठा पाऊस आपल्याकडून पश्चिमेला सरकला, की किनाऱ्यावरच्या आपल्या माणसाला फोन करा. "आमच्याकडे थांबला" एवढंच सांगू नका. "तुमच्याकडे निघालाय, समुद्राचा इशारा ऐकलात का?" असं विचारा. मी आता तसंच विचारते. आक्का हसते, म्हणते, "शिकलीस गं!"