कपाटातील टॅबलेट



जिल्हा परिषदेच्या एखाद्या शाळेस लोकवर्गणीतून अथवा देणगीतून दहा-वीस टॅबलेट मिळाले, सरपंचांच्या हस्ते त्यांचे वितरण झाले आणि समारंभाचे छायाचित्र वृत्तपत्रात झळकले, की मुख्याध्यापकांना करावे लागणारे पहिले काम म्हणजे त्या साऱ्या नगांची क्रमांक, किंमत व दिनांक घालून जडवस्तू संग्रह नोंदवहीत नोंद करणे. ही नोंद होताच ती वस्तू मुलांची न राहता मुख्याध्यापकांच्या जिवाची जोखीम होते. कारण बदलीच्या वेळी चार्ज देताना प्रत्येक नग मोजून द्यावा लागतो, आणि एखाद्याची काच तडकलेली निघाली तर खुलासा कोणी द्यावयाचा, वसुली कोणाच्या पगारातून व्हावयाची, निकामी नगाचे रीतसर निर्लेखन कोणाच्या मंजुरीने व्हावयाचे, या प्रश्नांच्या धास्तीने एखाद्या संसारी माणसाने टॅबलेट कपाटात घालून किल्ली खिशात टाकली, तर त्यास दोष देणे मला तरी जमत नाही.

परंतु कपाटात ठेवलेली वस्तू सुरक्षित राहते ही समजूत लाकडी खुर्चीपुरती खरी असली, तरी लिथियम बॅटरीच्या बाबतीत ती सर्वस्वी चुकीची आहे. ही बॅटरी न वापरताही आतल्या आत उतरत राहते. पूर्ण उतरलेल्या अवस्थेत महिनोन्महिने पडून राहिली तर पुष्कळदा पुन्हा चार्जच घेत नाही, आणि काठोकाठ भरून उष्ण जागी ठेवली तरी तिचे आयुष्य क्षीण होते. मे महिन्यात पत्र्याच्या छपराखालील लोखंडी कपाटात काय उष्मा असतो, हे निराळे सांगावयास नको. जूनमध्ये कपाट उघडावे तो काही पडदे उजळतच नाहीत आणि एखाद्याची पाठ फुगलेली असते. (असा फुगलेला नग कोणीही चार्जिंगला लावू नये.) वास्तविक सुट्टी लागण्यापूर्वी सर्व टॅबलेट निम्म्या चार्जवर आणून, बंद करून, त्यातल्या त्यात थंड खोलीत ठेवणे आणि मध्यंतरी एकदा पाहणे, एवढीच तजवीज पुरते; ती कोणाकडे सोपवली आहे, हे मात्र कागदावर कोठेतरी असावयास हवे.

पैशाची बाजूही दुबळीच. समग्र शिक्षा योजनेतील संयुक्त शाळा अनुदान तीसपर्यंत पट असलेल्या शाळेस वर्षाला १०,००० रुपये, तर शंभरापर्यंत पट असल्यास २५,००० रुपये ठरलेले आहे. खडू, स्वच्छता, डागडुजी आणि वीजबिल यांतून उरेल ते टॅबलेटचे! बिल थकल्यामुळे शाळेची वीज तोडल्याच्या बातम्या तर आपण सर्वांनी वाचल्या आहेत.

तरीही पैसा आणि नगांची संख्या हेच सर्वस्व नव्हे. माढा तालुक्यातील परितेवाडीच्या शाळेचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांना २०२० साली जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. त्यांच्या कामातील मोठा भाग म्हणजे पाठ्यपुस्तकाच्या पानावर क्यूआर कोड देऊन उपकरणास पुस्तकाच्या सेवेस जुंपणे. शाळेत उपकरणे किती, हा प्रश्न तेथे गौणच होता. मुलांच्या मोबाईलवर सरसकट बंदी घालावी काय, या वादात मी आज शिरत नाही; पण वापराचा नियम कसा असावा, याचे एक उदाहरण सांगतो. सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव येथे २०२२ पासून सायंकाळी सातला भोंगा वाजवून साडेआठपर्यंत दूरदर्शन आणि मोबाईल दूर ठेवण्याचा प्रघात गावाने पाडला. त्याची खुबी अशी, की तो नियम वडीलधाऱ्यांनाही लागू होता.

शाळेतील टॅबलेटसाठीही असाच साधा नियम हवा; माझ्या मते ग्रंथालयासारखी एक देवघेव वही पुरे. टॅबलेटच्या पाठीवर क्रमांक असावा, कोणत्या दिवशी कोणता नग कोणाच्या हाती होता ते मुलांनीच लिहावे, वाटप आणि चार्जिंग यांची पाळीही त्यांनीच लावावी; सातवीतील मुलगी हे काम मोठ्या माणसापेक्षा चोख करील.

केंद्रप्रमुखांना माझी विनंती आहे, की शाळाभेटीत जडवस्तू संग्रह नोंदवहीच्या आधी ही देवघेव वही मागावी. आणि शाळा व्यवस्थापन समितीत कायद्याने किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात, त्या पालकांनी येत्या सभेत एवढा ठराव करून गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे पाठवावा, की शिकताना मुलाच्या हातून फुटलेल्या टॅबलेटची वसुली कोणाही शिक्षकाकडून होऊ नये.