दूरचा आवाज आणि घरची गच्ची
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



वर्धापनदिनाला आपल्यापैकी एकीने तरी उपयोगी विषयावर चार शब्द बोलावेत, असा आपल्या मंडळाचा रिवाज आहे. कोणी लोणच्यावर बोलले, कोणी बाळंतिणीच्या आहारावर. मी आज एरियलवर बोलणार आहे. हसू नका. हा विषय गच्चीचा आहे, आणि गच्ची तर आपलीच.

माझ्या थोरल्या मुलीने हौशी बिनतारी चालकाची सरकारी परीक्षा दिली व तिला परवाना मिळाला. या छंदाला 'हॅम रेडिओ' म्हणतात. घरातल्या यंत्रावरून परगावच्या, परदेशच्या अनोळखी माणसाशी बोलायचे. मध्ये ना टेलिफोनची तार, ना मोबाइलचा मनोरा. परवान्याशिवाय असे बोलता येत नाही. यंत्र घरात आले, आणि प्रश्न उरला एरियलचा, म्हणजे हल्ली ज्याला अँटेना म्हणतात त्याचा. आमची गच्ची आम्हा दोन जावांची आहे. उन्हाळ्यात तिथे कुरडया, पापड, सांडगे वाळतात. जाऊबाईंनी सरळ विचारले, "तुमच्या एरियलपायी आमचं वाळवण कुठं घालायचं?" गल्लीतूनही विचारणा झाली. खांब आमच्या अंगणात पडणार नाही ना? वीज येणार नाही ना? हे सगळे प्रश्न रास्त होते. त्यांची उत्तरे शोधता शोधता मला जे समजले, ते तुमच्यापुढे ठेवते.

आधी कोणी म्हणेल, खिशात मोबाइल असताना हा खटाटोप कशाला? त्याला एका बाईचेच उदाहरण देते. दिल्लीच्या भारती प्रसाद या हौशी चालक २००४ च्या डिसेंबरात आपल्या सोबत्यांसह अंदमानात पोर्ट ब्लेअरला गेल्या होत्या. तिथून जगभरच्या हौशी मंडळींशी बोलायचे, एवढाच हेतू होता. कितीतरी वर्षांत अंदमानातून असे कोणी बोलले नव्हते, म्हणून सारे जग कान लावून बसले होते. २६ डिसेंबरला भूकंप झाला, त्सुनामी आली, आणि बेटांवरचे टेलिफोन बंद पडले. छंदासाठी उभारलेले तेच यंत्र आणि तेच एरियल मग मुख्य भूमीला निरोप देऊ लागले. अमका सुखरूप आहे, तमका सापडला, अशी खुशाली त्यावरून घरोघर गेली. संकट आल्यावर कोणी एरियल निवडायला बसत नाही. ते आधीच नीट उभे असावे लागते.

आता ते निवडायचे कसे? त्यासाठी आवाज दूर कसा जातो हे कळले पाहिजे. पृथ्वी गोल आहे आणि रेडिओच्या लहरी बऱ्याचशा सरळ जातात. मग त्या साता समुद्रापलीकडे पोचतात कशा? जमिनीपासून शेकडो किलोमीटर उंचीवर हवेचा एक विरळ थर आहे. सूर्याच्या किरणांनी त्याच्यात विजेचे गुण येतात. त्या थरावरून काही लहरी वळून खाली येतात, जमिनीवरून पुन्हा वर जातात, आणि असे टप्पे घेत पुढे सरकतात. मोती तलावाच्या काठी मुले चपटा खडा पाण्यावर मारतात, ते डोळ्यांपुढे आणा. खडा पाण्याला लागून, आडवा फेकला तर टप्पे घेत लांब जातो. उंचावरून उभा टाकला तर तिथेच बुडतो. लहरींचेही तसेच आहे. एरियलमधून लहर क्षितिजाला लागून निघाली, तर एकेक टप्पा तीन-साडेतीन हजार किलोमीटरचा पडू शकतो. ती सरळ वर गेली, तर जवळच खाली येते. म्हणून पहिला प्रश्न हा, की बोलायचे कोणाशी? पुण्या-नागपूरशी की परदेशाशी? दोन्हींचे एरियल सारखे नसते.

आमच्यापुढे तीन प्रकार होते.

पहिला यागी. नाव परके असले तरी वस्तू तुमच्या ओळखीची आहे. दूरदर्शनसाठी घरोघर गच्चीवर आडव्या नळ्यांचा जो सांगाडा असे, आणि चित्र हलले की आपण कोणाला तरी वर पाठवून फिरवायला लावत असू, तोच हा यागी. जपानात १९२६ च्या सुमारास उदा आणि यागी या दोघा शास्त्रज्ञांनी तो पुढे आणला. हा जिकडे तोंड करील तिकडे सारी शक्ती देतो. तीन नळ्यांचा असला, तर त्या बाजूला साध्या तारेच्या तीन-चारपट जोराने पोचतो. पण हौशी लोकांच्या २० मीटर पट्ट्यासाठी त्याच्या नळ्या सुमारे ३३ ते ३५ फूट लांब लागतात. त्याला भक्कम मनोरा हवा, फिरवायला मोटर हवी. आणि वळवाच्या वादळात तो शिडासारखा वारा धरणार. गुण पुष्कळ, पण आमच्या गच्चीला आणि आमच्या पैशाला न पेलणारे.

दुसरा उभा खांब. त्याच पट्ट्याला साडेसोळा फुटांची एक नळी पुरते, आणि लहर चारी दिशांना क्षितिजाला लागून निघते. जागा कमी लागते असे वाटते खरे. पण त्याच्या बुडाशी चहूकडे तारा पसराव्या लागतात. त्या जर गच्चीच्या फरशीवर पसरल्या, तर जाऊबाईंचे वाळवण गेलेच, वर मुलांचे पाय अडकणार. दुसरे असे, की उभ्या एरियलला आसपासची खरखर जास्त ऐकू येते. मिक्सर सुरू केला की रेडिओ कसा करकरतो हे आपण जाणतो. आता त्यात एलईडी दिव्यांची, चार्जरची आणि इन्व्हर्टरची भर पडली आहे. दूरचा आवाज मुळात क्षीण असतो. खरखर वाढली की तो बुडून जातो. म्हणून तर पुणे जिल्ह्यात खोडदजवळची ३० मोठी रेडिओ दुर्बीण-एरियले शहरांपासून लांब उभारली आहेत. आपल्या गल्लीत खरखर भरपूर, म्हणून उभा खांबही मागे पडला.

तिसरी साधी तांब्याची तार. मधोमध कापून तिथे केबल जोडायची, दोन्ही बाजू ताणायच्या. याला डायपोल म्हणतात. त्याचा हिशोब मला फार आवडला, कारण तो सातवीच्या गणितात बसतो. ४६८ ला मेगाहर्ट्झच्या आकड्याने भागायचे, की तारेची लांबी फुटांत मिळते. १४.२ ने भागले तर सुमारे ३३ फूट, म्हणजे प्रत्येक बाजूला साडेसोळा. ७.१ ने भागले तर सुमारे ६६ फूट. तार थोडी लांब कापावी आणि मीटरवर पाहून टोके कमी करावीत, कारण कापडासारखेच हेही, कापलेले पुन्हा जोडणे त्रासाचे.

तारेत खरी किंमत उंचीची. २० मीटरची तार जमिनीपासून ३३ फुटांच्या आसपास किंवा त्याहून वर असली, तर लहर बऱ्यापैकी आडवी निघते. तीच १० फुटांवर बांधली तर बहुतेक लहर आकाशाकडेच जाते. ६६ फुटांची तार मात्र ३३ फुटांवरही सरळ वर पाहणारीच राहते. ती पुण्या-नागपूरशी बोलायला चांगली, आणि महापूर-भूकंपात अशीच जवळची बोलणी जास्त कामाची.

आता दिशा. तार आपल्या लांबीच्या दोन्ही बाजूंना चांगली बोलते आणि टोकांच्या दिशेला कमी. हे ओळखून मोठमोठी केंद्रे बांधली गेली. आपल्या महाराष्ट्रातच १९२७ मध्ये खडकीहून इंग्लंडला बिनतारी संदेश पाठवण्याची सेवा सुरू झाली, ती इंग्लंडच्या रोखाने बांधलेल्या तारांच्या जाळ्यावर. तिकडून येणारा संदेश ऐकण्याचे केंद्र वेगळे, दौंडला होते. बोलणारे यंत्र जवळ असले की ऐकणाऱ्याचे कान बधिर होतात ना!

आमची दिशा ठरवायला मुलीने पृथ्वीचा गोल आणला, जालन्यावर दोऱ्याचे एक टोक धरले आणि दुसरे न्यूयॉर्कवर ताणले. मला वाटले होते दोरा पश्चिमेला अरबी समुद्रावरून जाईल. तो तर वर उत्तरेकडे झुकून रशियावरून, थंड मुलखावरून गेला. लंडन वायव्येला आले, सिडनी आग्नेयेला. घरात आपण देवघर ईशान्येला आणि चूल आग्नेयेला पाहतो, तेव्हा या दिशा काही नव्या नाहीत. तार नैर्ऋत्येपासून ईशान्येपर्यंत ताणली, की तिच्या दोन्ही बाजूंना युरोप आणि ऑस्ट्रेलिया येतात, आणि अमेरिकाही फार दूर राहत नाही. जपान टोकाच्या बाजूला जातो, तो थोडा मंद ऐकू येईल. एवढे सोसावे लागते.

म्हणून ठरले ते असे. गच्चीच्या मधोमध १८ फुटांचा एकच खांब. त्याच्या शेंड्यावरून तारेच्या दोन बाजू उलट्या व्ही अक्षरासारख्या दोन कोपऱ्यांकडे उतरतात. टोके फरशीपासून जवळजवळ १० फूट उंच, कोणाचा हात पोचणार नाही अशी. तिथून पुढे नुसती दोरी. गच्ची खाली मोकळी राहिली. जाऊबाईंनी फीत घेऊन स्वतः मोजून पाहिले आणि होकार दिला.

आता गल्लीच्या शंका. खांब विजेच्या तारांपासून इतका दूर आहे, की सगळाच्या सगळा आडवा झाला तरी तिथे पोचणार नाही. ज्या कोणी घरी खांब उभारतील त्यांनी हा नियम मोडू नये, कारण यात जीव जातो. वळवाचे ढग दिसण्याआधीच केबल यंत्रापासून काढून घराबाहेर ठेवायची. गडगडाट सुरू झाल्यावर तिला हात लावायचा नाही. तारेवर कपडे वाळत घालायचे नाहीत, कारण बोलणे चालू असताना टोकाला हात लागला तर भाजते. आणि कोणाच्या टीव्हीत खरखर आली तर येऊन सांगा. तिच्यावर उपाय असतात, आणि ते करणे आमचे काम.

भगिनींनो, दुकानदार सांगेल की महागडे एरियल घ्या. पण आधी चार गोष्टी विचारा. बोलायचे कोणाशी, उंची किती मिळते, आसपास खरखर किती, आणि गच्चीवर दुसऱ्या कोणाचा हक्क आहे? पहिल्या तिन्हींची उत्तरे पुस्तकात सापडतात. चौथ्याचे उत्तर शेजारणीपाशीच असते, आणि ते न घेता उभारलेला खांब कितीही उंच असला तरी घरात कुरबुरच आणतो.

सूर्यावरच्या डागांचे सुमारे ११ वर्षांचे चक्र असते. डाग वाढले की वरचा थर बळकट होतो आणि लांबची बोलणी सोपी होतात. सूर्य या चक्राच्या चढत्या शिखराला पोचल्याचे शास्त्रज्ञांनी २०२४ च्या ऑक्टोबरात सांगितले. तेव्हा ज्या मुलींना हा छंद घ्यावासा वाटेल त्यांनी परीक्षेचा अभ्यास लवकर सुरू करावा. वय १२ पूर्ण असले की परीक्षेला बसता येते. ज्यांना नुसते ऐकून पाहायचे असेल त्यांनी संध्याकाळी आमच्याकडे यावे. चहा मी करीन.