भरदिवसा बाहेर बसलेला उंदीर

मागच्या आठवड्यात बचत गटाच्या बैठकीत हप्त्यांचं बोलणं उरकलं आणि एक काकू हळूच म्हणाल्या, "सिस्टर, काल भरदुपारी उंदीर चुलीपाशी येऊन बसला. हुसकला तरी हलेना. केस पिंजारलेले, डोळे अर्धे मिटलेले. संध्याकाळी मेला. शेपटीला धरून उकिरड्यावर टाकला. काही चुकलं का?" बाकीच्या हसल्या. मला काही हसू आलं नाही.

उंदीर भित्रा, रात्री फिरणारा. तो उजेडात बसून राहतो, झिंगल्यासारखा चालतो, माणूस बघूनही पळत नाही, म्हणजे त्याचं काहीतरी बिनसलंय. बहुतेक वेळा कुणीतरी औषध घातलेलं असतं. म्हणून आधी घरात आणि शेजारी तेवढं विचारायचं. काकूंच्या जावेनं घातलं होतं. सुटलो!

पण कुणीच औषध घातलेलं नाही आणि चार दिवसांत तीन-चार उंदीर मेले, तर? जुन्या बायका याला 'उंदीर पडणं' म्हणायच्या. माझी आजेसासू सांगायची, उंदीर पडायला लागले की लोक घरं सोडून माळावर झोपड्या घालायचे. अडाणीपणा नव्हता तो. प्लेग माणसाच्या आधी उंदरांना मारतो, हे त्यांनी डोळ्यांनी बघितलं होतं. १८९६ साली तो मुंबईत आला. पुढच्याच वर्षी पुण्याकडे रोग्यांची सेवा करताना आपल्या सावित्रीबाई फुले त्यानंच गेल्या. आज त्याचं नाव क्वचितच ऐकू येतं, पण १९९४ साली बीड जिल्ह्यातल्या मामला गावात आधी उंदीर मेले, घराघरात पिसवा झाल्या आणि मग माणसांना गाठी आल्याचं दिसलं.

खरी गोम पिसवांची आहे. उंदीर मेला, अंग गार पडलं की त्याच्या पिसवा दुसरं ऊबदार अंग शोधतात. ते मांजराचं असेल, शेजारी खेळणाऱ्या पोराचं असेल, नाहीतर शेपटी धरणाऱ्या तुमच्या हाताचं. म्हणूनच उंदीर आपोआप मरत असताना आणखी विषारी औषध घालू नका. जितके उंदीर मरतील, तितक्या पिसवा मोकळ्या होतील. आधी पिसवांचा बंदोबस्त, मग उंदरांचा. ती फवारणी आरोग्य खात्यानं करायची असते. आशाताईला त्याच दिवशी सांगा, मेलेल्या उंदराला हात लावू नका, पोरं-मांजरं लांब ठेवा. पुढच्या आठवडाभरात कुणाला थंडी वाजून जोराचा ताप आला, जांघेत किंवा काखेत दुखरी गाठ आली, तर लगेच दवाखाना गाठा. औषध वेळेत सुरू झालं तर माणूस वाचतो. अंगारा लावण्यात दिवस घालवू नका.

औषधानं मेलेला एखादा उंदीर असेल तर हाताला प्लॅस्टिकची पिशवी चढवा, चिमट्यानं उचला, खोल खड्ड्यात पुरा. ती जागा कोरडी झाडू नका. ब्लीचिंग पावडरच्या पाण्यानं भिजवून पुसा आणि साबणानं हात धुवा.

आता उलटी गोष्ट. लेप्टो नावाचा ताप उंदरांच्या मुतातून पसरतो आणि तो पसरवणारा उंदीर चांगला धडधाकट दिसतो! भातलावणीत चिखलात उभं राहून पायाच्या भेगांतून तो शिरतो. ताप, पोटऱ्या ठणकणं, लाल डोळे असं दिसलं तर डॉक्टरांना आवर्जून सांगा, "मी चिखलात काम केलंय." हे एक वाक्य बायका सांगत नाहीत, आणि डॉक्टर साधा ताप समजून गोळ्या देतात.

काकू बऱ्या आहेत. त्यांनी आता चिमटा वेगळा ठेवलाय, भाकरीचा नव्हे, हे मी दोनदा विचारून घेतलं. पुढच्या बुधवारी कणगीला उंदीर लागू नये म्हणून काय करायचं, ते बोलू.